दातेरी वॉशर

"पडतंय! ए, पडतंय! बंद कर! आधी बंद कर ते!"

भरल्या मांडवात एवढं ऐकल्यावर माणसं काय करतात? पळतात. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्या संध्याकाळी चारशे माणसं होती. सेक्रेटरी दीडशे सांगतात, पण त्यांनी जन्मात कुठली गोष्ट मोठी करून सांगितलेली नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं सेक्रेटरी आहेत. त्या चारशेच्या चारशे माणसांनी एकदम मांडवाच्या छताकडे पाहिलं आणि धूम ठोकली. बायकांनी पोरं उचलली, कुणी घाईत दुसऱ्याचीच उचलली. वडापाववाल्याने सिलिंडर बंद केला. तीन वर्षं दोघांनी धरल्याशिवाय खुर्चीतून न उठलेले दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा नंतर पाण्याच्या टाकीमागे सापडले, एकटे, आणि चपला घालून.

स्टेजवर मी एकटाच वाजवत उभा. डोळे मिटून. बेस गिटार वाजवणारा डोळे मिटूनच वाजवतो, कारण उघडले तरी आपल्याकडे कुणी बघत नाहीये एवढंच दिसतं. पण त्या दिवशी उघडले, तर समोर एक किडकिडीत गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर, आणि ताठ बोट माझ्या पोटावर रोखलेलं.

"काय पडतंय?" मी विचारलं.

"हे!" बोट माझ्या गिटारवर.

"कुठे पडलीये?"

"पडेल," गृहस्थ म्हणाले. "आज नाही तर उद्या. वरच्या बटणाला काय लावलंयस? कुकरची रिंग?"

कुकरचीच होती. तिसऱ्या रांगेतून त्यांना ती दिसली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं, साध्या गिटारपेक्षा लांब असं धूड. वजन तान्ह्या बाळाच्या दीडपट. ते खांद्यावरच्या पट्ट्याने लटकतं. पट्ट्याच्या दोन टोकांना दोन भोकं, गिटारला दोन बटणं, बटणं भोकांतून काढायची, झालं. चामडं जुनं झालं की भोक सैल होतं, बटण निसटतं आणि बाळ डोक्यावर पडतं. म्हणून आम्ही सगळे कलावंत बटणावर रबराची चकती दाबून बसवायचो. मी ती आईच्या कुकरच्या जुन्या रिंगेतून कापलेली. निदान मला ती जुनी वाटलेली. त्या आठवड्यात आमच्याकडे डाळ शिजली नाही.

तर अशी आमची आणि काकांची ओळख. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरचे ते मेहुणे, म्हणजे मॅनेजरच्या बहिणीचे यजमान. त्या संध्याकाळी काकूंनी ओढून आणलं म्हणून आलेले. गाण्याबिण्याशी त्यांचा संबंध शून्य. सूर नावाची गोष्ट देवाने त्यांना दिलीच नव्हती. राष्ट्रगीत चालू झालंय हे ते लोक उभे राहिल्यावर ओळखायचे. पुढे सात वर्षं त्यांनी आमचे पन्नासेक कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून पाहिले, पण मी काय वाजवतो हे एकदाही विचारलं नाही. त्यांची नजर कायम माझ्या खांद्यावरून खाली उतरणाऱ्या पट्ट्यावर.

"सूर चुकला तर लोक हसतील," ते म्हणायचे. "लोड सुटला तर लोक दवाखान्यात जातील. तू ठरव कशाची काळजी करायची."

वागळे इस्टेटमध्ये त्यांचा एक गाळा होता. गाळा म्हणजे काय, एक लेथ, तिच्यावर एक दिवा, कोपऱ्यात स्टुलावर पाण्याचा माठ, आणि उरलेल्या जागेत काका. कंपन्यांसाठी बुश, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्या, आणि पिना घडवून द्यायचे. लेथ त्यांच्यापेक्षा वयाने मोठी होती. काकूंना ते "अगं" म्हणायचे, लेथला "अहो". मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सकाळी शटर वर केलं की आधी तिला तेल, मग "अहो, सुरू व्हा आता," मग स्वतःचा चहा.

मोजण्याचं वेड असं, की व्हर्नियर जेवायच्या ताटाशीही असायचा. पोळी मोजायचे.

"अगं, आज एक पॉइंट आठ आलीये. काल दीड होती."

"मग वरची तेवढी सोलून ठेवा," काकू आतून.

आणि दुसरी खोड जीवघेणी. दिसेल तो पट्टा ओढून बघायचा. ओळखीच्याचाच असं नाही. कल्याणच्या पुलावर पुढे चाललेल्या माणसाच्या पाठीवरची सॅक मागून खसकन ओढायची आणि सांगायचं, "डावीकडची शिलाई गेलीये तुमची." या समाजसेवेसाठी त्यांनी कल्याणात दोनदा मार खाल्ला. ठाण्यात एकदा एका बाईंनी आभार मानले, तर ते पुढे महिनाभर ठाण्याची माणसं कशी सुसंस्कृत यावर बोलत होते.

मला त्यांनी त्या गणपतीनंतरच्या रविवारी गाळ्यावर बोलावलं. मी वरमलेलो खरा, पण तयारीने गेलेलो. इंटरनेटवरून पट्ट्याच्या लॉकचे तीन जोड मागवलेले. एक जर्मन पद्धतीचा, एक अमेरिकन पद्धतीचा, एक कुठल्याच पद्धतीचा नसलेला आणि म्हणून स्वस्त. काकांनी एका स्टीलच्या ताटात ते मांडले आणि मुलगी बघायला आल्यासारखे समोर बसले. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "लॉक नंतर. आधी लाकूड दाखव."

गिटारच्या बटणाचा स्क्रू त्यांनी फिरवला. तो नुसत्या बोटांनी बाहेर आला, आणि त्याच्यामागून माचिसच्या चार काड्या.

"हे कोणी भरलं?"

"मी," म्हटलं. "भोक सैल झालेलं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पोलिसांत देतात. "सोन्याचं कुलूप आणशील रे," ते म्हणाले, "पण दाराला चौकटच नाही!" मग त्यांनी ते भोक साफ केलं, सागाची खुंटी ठोकली, ती सुकायला अख्खा एक दिवस दिला आणि लांब स्क्रू बसवला. तोवर ताटातल्या तिन्ही स्थळांना ताटकळत ठेवलं.

मग चामडं. पट्टा मोजला, साडेतीन मिलिमीटर. अमेरिकन लॉकचा दांडा त्या जाडीतून आरपार आल्यावर पलीकडे जेमतेम दोन आटे उरत होते. "नटाला धरायला दोन आटे! दोन बोटांवर लटकशील का तू गच्चीवरून?" अमेरिकन बाद. स्वस्तवाल्यात बटण दाबलं की सुटणारी कळ होती, आत पोलादी मणी. काकांनी भिंग लावून मणी पाहिला. "साबुदाण्याएवढा आहे. साबुदाण्यावर साडेचार किलो टांगणार?" तोही बाद. जर्मन पद्धतीचा त्यांना आवडला. त्यात घोड्याच्या नालेसारखा कप, त्यात बटण बसतं, वरून पिन. "हा माणूस शहाणा आहे," काका म्हणाले. लॉक बनवणारा कोणी समोर बसलाय असं समजूनच ते बोलत. "पिन लावायची विसरलास तरी लोड कपात बसून राहतो. विसरणाऱ्या माणसासाठी बनवलंय. म्हणजे तुझ्यासाठी. पण पितळ मऊ आहे."

"मग कुठला घेऊ?"

"कुठलाच नको. मी बनवतो."

तीन रविवार लागले. पोलादाचा कप, पोलादाची पिन, लांब दांडा, आणि चामड्यामागे नटाखाली एक दातेरी वॉशर. त्या वॉशरवर त्यांचा जीव. चामडं श्वास घेतं म्हणायचे. पावसात फुगतं, उन्हात आवळतं, आणि प्रत्येक श्वासाला नट केसभर फिरतो. दातेरी वॉशर चामड्यात दात रोवून त्याला धरून ठेवतो. "लॉक सगळीच चांगली असतात रे. ती मरतात नटाने."

तपासणीसाठी त्यांनी गाळ्याच्या छतातल्या साखळीला लॉक अडकवलं आणि लॉकला मॅनेजर. मॅनेजर ब्याण्णव किलोचा. पट्टा काखेतून घालून त्याला जमिनीपासून हातभर वर टांगला.

"दाजी, बस झालं! उतरवा!"

"अजून दहा मिनिटं. जरा पाय हलव बघू. हलता लोड पाहायचाय."

"दाजी, माझा बीपी आहे!"

"बीपीचं वजन किती?"

अकराव्या मिनिटाला मॅनेजर गप्प झाला. आम्ही घाबरलो. पाहतो तर तो झोपलेला. लॉक तसूभर हललं नाही. पुढे शहापूरपर्यंत मी ही गोष्ट सांगत फिरलो, दर कार्यक्रमाला मॅनेजरचं वजन पाच किलोने वाढवत. तो दीडशेवर पोचला तेव्हा काकांनी मला थांबवलं. खोटं म्हणून नाही. "लोखंडाची वजनं टांगूनही एकशे वीसच्या वर मी टेस्ट केलेलं नाही," म्हणाले.

गोष्ट पसरली तशी माणसं गाळ्यावर येऊ लागली. हळदीला बेंजो पार्टीत वाजवणारे, कॉलेजच्या बँडवाले, चर्चमध्ये वाजवणारा एक लाजाळू मुलगा. काका प्रत्येकाचं आधी लाकूड बघायचे, मग चामडं, मग त्याला गाळ्यात पाच उड्या मारायला लावायचे, कोण किती उसळतो ते पाहायला, आणि मग त्याच्या मापाचं लॉक. एकाचं दुसऱ्याला बसत नसे. बसवून झालं की पान्याने नट आवळायचे आणि तोच एक दम भरायचे: "हा नट माझ्याशिवाय कुणी उघडायचा नाही. बिघडला तर माझ्याकडे यायचं. देव खाली आला तरी तू हात लावायचा नाहीस."

आणि देवच आला.

इथून पुढचं मी काहीही वाढवून सांगत नाहीये. सगळं मोजून सांगतोय.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारांची पूजा असते. वडिलांचे स्क्रूड्रायव्हर, आईची शिवणाची कात्री, विळी, माझी गिटार. सातव्या वर्षी मी गिटार पट्ट्यासकट ठेवायला गेलो तर आईने हात धरला.

"ते चामडं पाटावर नको."

"अगं, पट्टा आहे तो."

"म्हैस आहे ती. काढ."

काढला. कप गिटारवरून सुटतो, त्याला काही लागत नाही. पण कप पट्ट्याला नटाने घट्ट बसवलेला, तो पट्ट्याबरोबर पाटाखाली गेला. मी हळहळलो. म्हटलं, "आई, यातलं लॉक तरी ठेवतो. काकांनी स्वतः घडवलंय."

"लॉक ठेव की. लोखंड चालतं."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्या पाटावर बसायची लायकी असलेली एकच वस्तू घरात होती, आणि ती काकांच्या हातची होती. मी वडिलांची पक्कड घेतली आणि दोन्ही नट उघडले; पट्टा त्याच महिन्यात काकांनी नवा घातलेला, वॉशरचे दात अजून रुतले नव्हते. कप, नट, वॉशर सगळं पाटावर मांडलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याची पानं. नमस्कार केला. मनात काकांनाही केला.

दुपारी चारला मॅनेजरचा फोन. टेम्पो खाली उभा, ठाण्याला संध्याकाळचा कार्यक्रम. मी फुलं बाजूला सारून कप उचलले, पट्ट्यात घातले, नट बोटांनी आवळले आणि पळालो.

तिसऱ्या गाण्याला मी उसळलो आणि गिटार गेली. मॅनेजर नेमका मला काहीतरी सांगायला स्टेजवर आलेला, ती त्याच्या पायावर उतरली. अंगठा आणि शेजारचं बोट मोडलं. गिटारचं डोकं चिरलं. स्पीकरमधून जो आवाज निघाला तो टेंभी नाक्यापर्यंत गेला असेल. हे एवढं एक माझं, बाकी खरं.

काका पहिल्या रांगेत होते. ते ओरडले नाहीत. स्टेजवर चढले, आधी मॅनेजरचा पाय पाहिला, मग गिटार. दोन्ही कप बटणांवर जसेच्या तसे बसलेले, पिनाही जागेवर. पट्टा मात्र मोकळा, माझ्या खांद्यावर. काका गुडघ्यांवर बसून वायरींमध्ये मोबाईलचा उजेड पाडत राहिले. कीबोर्डच्या स्टँडखाली त्यांना एक नट सापडला. दुसरा नाही. वॉशर तर एकही सापडला नाही.

"दाजी, हेच ना तुमचं लॉक!" मॅनेजर विव्हळत होता. "हेच ना? मला टांगलेलं!"

काका नट तळहातावर घेऊन माझ्यासमोर आले. "उघडला होतास?"

आयोजक बघत होते, गायिका बघत होती, खाली खुर्च्यांवरची माणसं उभी राहिलेली. मॅनेजर खाली पडून माझ्याकडेच बघत होता.

"नाही काका," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मान हलवली आणि नट खिशात टाकला. माणूस आपल्याशी खोटं बोलेल, हे मापच त्यांच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई निर्माल्य गोळा करत होती. "हे काय रे? फुलांखाली दोन चक्रं निघाली. दातेरी आहेत. तुझी का?"

मी पाहिलं. मोबाईल माझ्या हातातच होता. काकांचा नंबर वरून दुसरा.

"टाकून दे," म्हटलं.

चार दिवसांनी गाळ्यावर गेलो. सांगायचं ठरवून गेलेलो, अगदी वाक्य जुळवून. काकांनी लेथच्या दिव्याखाली तो नट आणि मायक्रोमीटर ठेवलेला. चेहरा चार दिवस न झोपल्यासारखा.

"ये. बघ," म्हणाले. "आटा दोन शतांश मिलिमीटर ढिला आहे. मी कापलेला. मी. कितीदा मोजलं."

"काका, इतकं चालतं."

"कुणाला चालतं?"

मी जुळवलेलं वाक्य विसरलो. विसरलो कसला, गिळलं. दोष शोधायला बसलेल्या माणसाला दोन शतांश कुठेही सापडतात, आणि त्यांना ते स्वतःच्या हातात सापडले होते. त्याच दिवशी त्यांनी वहीत नावं लिहायला घेतली. कुणाकुणाला लॉक दिलंय. चौतीस नावं निघाली.

ती सगळी लॉक त्यांनी परत घेतली. स्वतः घरोघर जाऊन. बदल्यात बाजारातलं, जर्मन पद्धतीचं, त्यांनी विकत आणलेलं. आणि या फेऱ्यांना पिशवी धरायला त्यांच्याबरोबर कोण? मी. मीच म्हणालो, काका, एकटे नका जाऊ. इतका चांगुलपणा माझ्या अंगात कुठून आला हे तेव्हा मलाही ठाऊक होतं.

कल्याणच्या पुढच्या एका गावात हळदीच्या बेंजो पार्टीतला एक गडी होता, दोन गिटारी एकदम उचलेल असा. त्याने गिटार पाठीमागे लपवली.

"काका, सहा वर्सा झाली, जरा पन हालला नाय. कशाला काढतस?"

"हललं नाही म्हणजे हलणार नाही असं नाही."

"मी लिहून देताव, पडली तर माजी जबाबदारी."

"आण रे इकडे," काका म्हणाले. रागावून नाही, विनवल्यासारखं. त्या गड्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असणार. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

काकांनी पाना लावला तेव्हा तो नट जागचा हलेना. सहा वर्षांत वॉशरचे दात चामड्यात असे रुतलेले की शेवटी पट्टा कापावा लागला. काकांनी ते पाहिलं. मीही. मला वाटलं, आता त्यांना कळेल. हाताला समजेल. ते कापलेलं चामडं उजेडात धरून म्हणाले, "एखादं नीट झालंय. पण कुठलं नीट आणि कुठलं नाही, हे मला सांगता येत नाही ना आता."

चौतीसपैकी एकतीस मिळाली. पिशवी इतकी जड झाली की तिचा बंद माझ्या बोटांत रुतायचा. वाटेत एकदा त्यांनी सवयीने तो ओढून पाहायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला.

मॅनेजरचा पाय दीड महिन्यात बरा झाला. होळीला तो त्याच पायावर नाचला. मला ऑर्केस्ट्रातून काढतील अशी जी भीती होती, तीही संपली, कारण पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्राच बंद पडला. म्हणजे खोटं बोलण्याचं एकेक कारण माझ्या डोळ्यांदेखत गळून गेलं. नुसतं खोटं राहिलं. दर महिन्याला ते सांगणं आणखी अवघड व्हायचं, कारण आता लॉकबरोबर "इतके दिवस का नाही बोललास" हेही सांगावं लागणार होतं.

काकांनी बारीक कामं घेणं सोडलं. मापाचा भरवसा नाही म्हणायचे. एकच पिन चार-चार वेळा मोजायचे, मग दुसऱ्या कुणाकडून मोजून आणायचे. मग कामं यायची बंद झाली. भिवंडीचा एकजण लेथ घ्यायला आला त्या दिवशी मी होतो. साखळीने तिला उचलली तेव्हा काका शटरबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. ती ट्रकवर चढली, दोर आवळले गेले. काका जवळ आले. दोर ओढून पाहिला नाही. तिच्या पत्र्यावर हात ठेवला आणि इतकंच म्हणाले, "अहो, जपून जा."

मी तेव्हा तिथे, हाताच्या अंतरावर उभा होतो. माझं तोंड शाबूत होतं.

नंतर काका-काकू खडवलीला राहायला गेले. काकूंच्या माहेरची थोडी जागा होती तिथे. मी ठाण्यात विम्याच्या ऑफिसात लागलो. गिटार आठवड्यातून एकदा काढतो, बसून वाजवतो. गेल्या दिवाळीनंतर आईच्या आजारपणात ती एकदा सहज म्हणाली, "तुझे ते पोळी मोजणारे काका कसे आहेत रे?" आणि मला जेवण गेलं नाही. त्याच रविवारी मी खडवलीला गेलो.

काका परसात दुधीच्या मांडवापाशी होते. बारीक झालेले. एकेक दुधी फडक्याच्या झोळीत बसवलेला, झोळीला दोन सुतळ्या, आणि खाली पुन्हा जुनी साडी ताणून बांधलेली, सुतळी तुटली तर झेलायला. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. "अगं, कोण आलंय बघ!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. गिटार वाजवतोस का, आई कशी आहे, लग्नाचं काय, सगळं विचारून झालं.

मग मी सांगितलं. उभ्यानेच. चामडं, पाट, हळद-कुंकू, पक्कड, चारचा टेम्पो. आधी मागे-पुढे झालं, मग सरळ सांगितलं. काका सुतळीला गाठ मारत होते. ती अर्धवट राहिली.

"पाना नव्हता?" त्यांनी विचारलं.

"बोटांनी आवळला."

"वॉशर?"

"फुलांखाली राहिले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांचे ओठ थोडे हलले. मनात काहीतरी मोजत असावेत. काकू दाराशी तशाच उभ्या होत्या. मी म्हटलं, "काका, तुमचा आटा ठीक होता. दोन शतांशाने काही होत नव्हतं. मी खोटं बोललो." मग ते मला काय म्हणतात त्याची वाट पाहत राहिलो. काहीही म्हणाले असते तरी मी ते घेतलं असतं.

काकांनी सुतळीची गाठ पुरी केली, उरलेलं टोक दाताने तोडलं आणि पुढच्या दुधीकडे वळले.

"तेव्हा सांगायचंस," ते म्हणाले.